तिसरा दुजोरा

एकोणीस वर्षं दुसऱ्यांनी कळवलेली माहिती वाचून काढल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे: सुऱ्याकुऱ्हाडींनी जेवढी माणसं मरत नाहीत तेवढी ‘असे समजते’ या दोन शब्दांनी मरतात. अमरावतीतल्या ज्या साध्या दुमजली इमारतीत आमचं गुप्तवार्तेचं खातं आहे तिच्या दारावर पाटी नाही; गावोगावच्या आमच्या माणसांचे अहवाल तिथे माझ्या टेबलावर येतात आणि मी ते लाल पेनाने तपासते. ‘काही इसम’, म्हणजे किती? ‘वातावरण तंग’, म्हणजे कुणी नेमकं काय केलं? माझ्यामागे मला लाल पेनवाली म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

एकदाच वाटलं होतं. दोन वर्षांपूर्वी धर्मेंद्र हा आमचा माणूस अंजनगाव सुर्जीला होता. त्याने दोन ओळी पाठवल्या, की पानमळेवाल्या देवमनचा घात होणार असे समजते. मी ‘कोण करणार? कधी? सांगणारे किती?’ असं लाल पेनाने लिहून कागद परत पाठवला, कारण एकमेकांना न भेटलेल्या तिघांनी तीच गोष्ट सांगितल्याशिवाय माहिती वर जाणार नाही, हा नियम मीच घालून दिला होता. धर्मेंद्र उरलेले दोघं शोधत फिरला. तिसऱ्या दिवशी देवमनला भर बाजारात कुऱ्हाडीने तोडलं. फोटोत पानांच्या टोपल्या उलथल्या होत्या, हिरव्या पानांवर रक्त सांडलं होतं, आणि मनगटापासून सुटलेल्या हातात पानांची जुडी तशीच घट्ट होती. चौकशीत माझी काहीच चूक निघाली नाही. धर्मेंद्र त्यावर मला कधी एक शब्द बोलला नाही, आणि पुढे त्याची अकोल्याला बदली झाली.

यंदा नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी अकोल्याला विश्रामगृहाच्या सभागृहात वरिष्ठांची आणि गावोगावच्या आमच्या माणसांची सभा ठरली. विषय एकच, अहवाल कसा लिहावा. आमचे प्रमुख गावंडे साहेब यांनी सगळी तयारी माझ्यावर सोपवली आणि मी पदर खोचून कामाला लागले. कोण कुठे बसेल, आधी कोण बोलेल, चहा किती वाजता येईल, इथपर्यंत सगळं मी लिहून काढलं. अकोल्याची बाजू धर्मेंद्र सांभाळणार होता. प्रश्न उरला तो नमुन्याचा. खरे अहवाल सभेत दाखवता येत नाहीत, म्हणून एक खोटा रचा, असं साहेब म्हणाले.

“खून घ्या,” ते म्हणाले. “खून असला की लोक लक्ष देतात.”

सोमवारी सकाळी मी तो लिहायला बसले तेव्हा माझ्या पायाशी भाजीची पिशवी होती आणि तिच्यातून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी डोकावत होती. मी बडनेऱ्याला राहते, आणि स्टेशनच्या मागच्या भिंतीला टेकून नत्थुजी नावाचा म्हातारा भाजी विकतो, त्याच्याकडूनच मी सात-आठ वर्षं भाजी घेते. रोज पिशवीत वर एक शेवंतीचं फूल ठेवायची त्याची सवय आहे. त्याच्याशी माझं कधी भांडण नाही, वाकडा शब्द नाही. नाव हवं होतं, ते समोर आलं, मी लिहिलं. तारीखही सोयीची म्हणून सभेचीच टाकली.

‘गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बडनेरा स्टेशनच्या मागच्या भिंतीलगत भाजीविक्रेता नत्थुजी, वय बासष्ट, याच्या डोक्यात अज्ञात इसमाने दोन किलोचे लोखंडी वजन तीन वेळा घातले. कवटी फुटून तो जागीच मयत झाला. कारण अज्ञात.’

लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. उलट इतकं नेटकं लिहिणं बऱ्याच दिवसांनी जमलं म्हणून बरंच वाटलं. वर ठळक अक्षरांत ‘काल्पनिक’ असं टाकून मी नमुना तिघांकडे अभिप्रायासाठी पाठवला: अकोल्याला धर्मेंद्र, अंजनगावला माया, आणि सेमाडोहला रोहित.

दुपारी धर्मेंद्रचा फोन आला.

“मॅडम, वाचलं. सारं बराबर हाय. पन ते वजन दोन किलोचं नोतं, पाचचं होतं.”

मला हसू आलं. “अरे, तो नमुना आहे. मी रचलेला.”

“हो न मॅडम, वर लिवलंच हाय तुमी. पन पाचचं होतं. दोनच्यानं तेवढं फुटत नाई.”

मग तो सभेच्या खुर्च्यांविषयी बोलू लागला, आणि मीही त्या मोजून घेतल्या. माणूस थट्टा करत असेल, दोन वर्षांचा राग असा बाहेर काढत असेल, असं मी मनाला सांगितलं. तरी मंगळवारी सकाळी नत्थुजीकडे थांबल्यावर माझी नजर आधी त्याच्या वजनांवर गेली. पाव, अर्धा, एक, दोन. पाच किलोचं वजन त्याच्याकडे नव्हतंच. मी मोकळेपणाने वांगी निवडली.

ऑफिसात मायाचा कागद येऊन पडला होता. माया शिस्तीची बाई. तिने माझ्याच पद्धतीने मुद्दे मांडले होते. वजन पाच किलोचे. घाव तीन नव्हे, चार. दुसरा घाव चुकवण्यासाठी मयताने हात आडवा केला, त्यात उजव्या हाताची दोन बोटे मोडली. पहिल्या घावाआधी मयत ‘आनलं का’ असे म्हणाला.

मी तिला फोन लावला. “धर्मेंद्रशी बोललीस का?”

“नाई मॅडम. काहून? चुकलं का काई?”

“हे तुला कळलं कुठून?”

“कळलं म्हंजे,” ती गोंधळली, “वाचतानाच दिसलं न. तुमाले नाई दिसलं?”

फोन ठेवल्यावर मला खरोखर भीती वाटली. त्या संध्याकाळी वांगी चिरताना बोटं मोडल्याचा आवाज कसा येत असेल, असा विचार माझ्या मनात आला, आणि तो आवाज मला माहीत आहे असंही वाटलं. ओली काडी मोडावी तसा, फार मोठा नाही. मी विळी मिटवून ठेवली आणि भाजी तशीच टाकून दिली. देवमनच्या वेळी मी कागदाकडे पाहत बसले होते. या वेळी नियम गेला खड्ड्यात, नत्थुजी जगला पाहिजे, एवढंच मी ठरवलं.

बुधवारी सकाळी वारं सुटलं होतं. नत्थुजीने भाजीवर ताडपत्री ओढली होती, आणि तिच्या एका कोपऱ्यावर पाच किलोचं काळं वजन होतं.

“हे कुठून आलं?” मी विचारलं.

“भंगारातून आनलं, बाई. वारं पाहा न कसं सुटून राह्यलं. ताडपत्री थांबतच नाई.”

“नत्थुजी, उद्या बसू नका. एक दिवस घरी राहा.”

“काहून?”

काय सांगणार होते मी? की एका कागदावर मी तुम्हाला मारलं आहे? “माझं ऐका,” मी म्हणाले. तो हसला. त्याचे पुढचे दोन दात पडलेले आहेत, त्यामुळे तो हसला की लहान मुलासारखा दिसतो.

“नाई बसलो त ही मेथी कोन खाईन, बाई? सडून जाते ते.”

तेव्हा मला एकदम सुचलं. ते वजनच इथे राहिलं नाही तर? मी म्हणाले, हे मला आजच्या दिवस द्या, ऑफिसात दाखवायचं आहे. त्याला नवल वाटलं, पण त्याने ताडपत्रीवर एक वीट ठेवली आणि वजन माझ्या पिशवीत टाकलं.

“पन उद्या घेऊन या बरं. मले लागते ते.”

मी खूश झाले. इतकी वर्षं हुशार म्हणवून घेतलं त्याचं चीज झालं, असंसुद्धा मनात आलं.

दुपारी सेमाडोहचं पाकीट एसटीने आलं. तिथे फोन धड लागत नाही, त्यामुळे रोहितचं आणि बाकी दोघांचं बोलणं होणं शक्यच नव्हतं. त्याने कमी लिहिलं होतं. वजन पाच किलो, खालच्या कडेचा टवका उडालेला. घाव चार. हल्लेखोरास पाहून मयत हसला, सबब हल्लेखोर अज्ञात म्हणता येणार नाही.

मी पिशवीतून वजन काढून उलटं केलं. खालच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला होता.

हा तिसरा दुजोरा होता. माझ्याच नियमाप्रमाणे आता माहिती पक्की झाली होती आणि दोन तासांत वर जायला हवी होती. मी तिन्ही कागद घेऊन गावंडे साहेबांकडे गेले, आणि घसा कोरडा पडेपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून कागद शांतपणे वाचले.

“चांगलं आहे,” ते म्हणाले. “लोकांनी मनावर घेतलेलं दिसतंय. सगळ्या दुरुस्त्या नमुन्यात घ्या.”

“साहेब, हा माणूस खरा आहे.”

“मग तर उत्तमच. एक फक्त राहिलंय, संध्याबाई. कारण. अज्ञात चालणार नाही, तुम्हीच तर सगळ्यांना सांगता. उद्या सभेपर्यंत भरून टाका.”

त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती आणि काळजीही नव्हती. मी टेबलावर परत आले, दुरुस्त्या घेतल्या, आणि नमुना धर्मेंद्रकडे पाठवून दिला. काम अर्धवट ठेवणं मला जमत नाही.

गुरुवारी अकोल्याची गाडी सात पंचवीसची होती. मी आधीच निघाले. वजन घरी ठेवावं, असं दोनदा मनात आलं. पण मागे ठेवलं तर ते कुणाच्या हाती लागेल, कोण जाणे. माझ्या पिशवीत, माझ्या खांद्यावर असेल तोवर दुसरा कुणी ते उचलू शकणार नाही, हे तरी खात्रीचं होतं. सात वाजून दहा मिनिटांनी मी स्वतः नत्थुजीच्या समोर उभी राहीन, कुणी आलं तर ओरडेन, मध्ये पडेन, आणि वेळ टळली की गाडी पकडेन, असं मी ठरवलं होतं.

भिंतीजवळ तो एकटाच होता. बाकीचे विक्रेते पुढच्या दाराशी गेले होते. वारं कालच्यासारखंच होतं आणि विटेखालून ताडपत्री फडफडत होती. मी घड्याळ पाहिलं, सात नऊ. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. लांब एक हमाल पाठमोरा चालला होता, दुसरं कुणीही नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. नत्थुजीने मान वर केली आणि मला पाहून तो हसला.

“आनलं का, बाई?”

गाडीत मला खिडकीजवळ जागा मिळाली. पिशवी वर ठेवताना ती हलकी लागली, म्हणजे वजन मी त्याला परत दिलं असणार. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. हाताला लोखंडाचा वास येत होता, तो मी पुन्हा पुन्हा रुमालाला पुसला. पर्स उघडली तर आत शेवंतीचं फूल होतं, त्यामुळे मला धीर आला; फूल आहे म्हणजे नत्थुजीने दिलं असणार, आणि दिलं असेल तर तो बरा असणार.

सभागृहाच्या दारात धर्मेंद्र उभा होता. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं नाही, फक्त पांढरा टॉवेल पुढे केला.

“मॅडम, पयले हात धुऊन घ्या. बाहीलेबी लागलं हाय. मंग च्या घ्या.”

मी हात धुतले. पाणी बराच वेळ स्वच्छ येईना.

सभा बरोबर अकराला सुरू झाली. पडद्यावर माझा नमुना होता, सगळ्या दुरुस्त्यांसह, आणि वरचा ‘काल्पनिक’ हा शब्द कुणीतरी काढून टाकला होता. गावंडे साहेब एकेक मुद्दा वाचत गेले. वेळ. ठिकाण. वजन पाच किलो. घाव चार. उजव्या हाताची दोन बोटं. माया आपल्या कागदावर बरोबरची खूण करत होती, सेमाडोहहून पहाटे निघून आलेला रोहित खूण करत होता, कुणालाही काही विचारायचं नव्हतं. शेवटी साहेबांनी चष्मा काढला.

“एक मुद्दा राहिला,” ते म्हणाले. “कारण.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. कुणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता, धर्मेंद्रच्यासुद्धा नाही. मी डोळे मिटले आणि सात-आठ वर्षं आठवून पाहिली. रोजची भाजी, रोजचं फूल, ते पडलेल्या दातांचं हसू. मी अगदी प्रामाणिकपणे शोधलं. मोघम काही सांगायचं माझ्या मनात नव्हतं.

“अज्ञात लिहू नका, साहेब,” मी म्हणाले. “काहीच कारण नव्हतं.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि ते लिहून घेतलं.