माझ्या पायाचं प्लास्टर

मी एक जुना ट्रायपॉड आहे. म्हणजे मोबाईल उभा करायची तीन पायांची घोडी. कोणी स्टँड म्हणतं, कोणी म्हणतं "ते तंगडं आण रे". नावाचा मला राग नाही, मित्रांनो. ज्याला तीन पाय असतात त्याने मानापमानाच्या भानगडीत पडू नये, आधी तोल सांभाळावा.

माझा जन्म कारखान्यातला. पाय एका साच्यातून निघाले, मान दुसऱ्यातून, आणि मग एका बाईने गप्पा मारता मारता मला जोडलं. गप्पा रंगात आल्या होत्या, म्हणून माझ्या एका पायाची कळ जरा सैल राहिली. तिथूनच माझ्या अंगात खोडी शिरली.

माझा पहिला मालक व्यायाम शिकवायचा. मोबाईलसमोर उड्या मारायचा आणि लोकांना घाम गाळायला सांगायचा. तो रंगात आला की मी हळूच एका पायावर खचायचो. मग लोकांना त्याचे दंड दिसायच्या ऐवजी पोट दिसायचं. सुरुवातीला तो सगळ्यांना सांगायचा, याच्याशिवाय माझं पान हलत नाही. मग नवा, चकचकीत स्टँड आला आणि मी दाराआड गेलो. माझ्यावर ओला टॉवेल वाळू लागला. काय सांगू, टॉवेलखालून जग फार उदास दिसतं.

तिथून मला शेजारच्या मुलीने उचललं. तिच्या मावशीचं पुस्तक निघालं होतं.

आता ही मावशी कोण, ते ऐका. हॉस्पिटलात प्लास्टरच्या खोलीत तिची सगळी नोकरी गेली. झाडावरून पडलेली, सायकलवरून उलथलेली पोरं तिच्यापुढे भोकाड पसरून यायची. ती त्यांचा हात बांधता बांधता गोष्ट सांगायची. पण अर्धीच. उरलेली अर्धी प्लास्टर काढायच्या दिवशी. त्यामुळे प्लास्टर कापायच्या करवतीला घाबरणारी पोरंसुद्धा आईला ओढत परत यायची. निवृत्त झाल्यावर मावशीने त्याच गोष्टी लिहून काढल्या, अख्ख्या.

पुस्तक छान झालं, पण हलेना. प्रकाशकाला गोदाम रिकामं करायचं होतं. त्याने फोनवर सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत मागणी आली नाही तर गठ्ठे कागद कारखान्यात जातील, लगदा व्हायला. हल्ली लोक पुस्तकाआधी लेखक बघतात, तेव्हा व्हिडिओ टाका, असंही म्हणाला.

"मला बघून घेणार असतील तर लगदाच बरा," मावशी म्हणाली. हसत म्हणाली, पण त्या दिवशी तिने चहा तसाच ठेवला, साय धरेपर्यंत.

भाचीने कंबर कसली. मला उभं केलं, मावशीला खुर्चीत बसवलं, हातात कागद दिला. मावशी घरात अखंड बडबडणारी, पण मोबाईल दिसला की ओळखपत्राचा फोटो काढायला बसल्यासारखी व्हायची. भाची म्हणाली, जरा हस. तर ती अशी हसली, जणू दाताच्या डॉक्टरने "आ करा" म्हटलं असावं. हात मांडीवर, इस्त्री केल्यासारखे. तो व्हिडिओ घरच्यांनी तेवढा बघितला. मावशीच्या दिरांनी खाली लिहिलं, मागचा पंखा पुसून घ्या.

पंखा पुसला. आणखी व्हिडिओ झाले. मागणी काही येईना, महिना संपत आला आणि घरात लगद्याचं नाव कोणी काढेना.

शेवटी भाचीने ठरवलं, की उंचावरून घेतलं तर मावशीचा चेहरा खुलेल. तिने टेबलावर स्टूल ठेवलं आणि स्टुलावर मला. अहो, माझी कळ सैल. मी तिथे किती वेळ टिकणार? मावशी "नमस्कार, माझं नाव" एवढं म्हणाली आणि मी धाडकन टेबलावर. पाय मधोमध तडकला. तो आपोआप सरकला की मी सरकवला, हे मला विचारू नका. मोबाईल माझ्या मानेत घट्ट, तोंड माझ्याच मोडक्या पायाकडे, आणि व्हिडिओ चालूच.

भाची कपाळाला हात लावून चिकटपट्टी शोधायला आत गेली. मावशीने मात्र कपाटातून प्लास्टरची गुंडाळी काढली. ती घरात खुर्चीच्या पायापासून कपाच्या कानापर्यंत सगळ्यांना प्लास्टर घालते, मला कशी सोडेल? गुंडाळी पाण्यात बुडवली, पिळली, माझा पाय हातात घेतला आणि तिचा आवाजच बदलला.

"दुखणार नाही असं मी म्हणणार नाही हं. थोडं दुखेल. तोवर एक गोष्ट ऐक."

आणि सुरू झाली. एका जिन्याची शेवटची पायरी भारी खोडकर होती, माणूस उतरत आला की ती लपून बसायची. ते इस्त्रीचे हात आता वेढे घालत होते, मधेच बोटांनी जिना उतरत होते, पायरी होऊन लपत होते. एके दिवशी त्या जिन्यावरून कोण उतरत आलं, तर ज्याने तो जिना बांधला होता तो म्हातारा गवंडी. पायरीला घाम फुटला. आणि गुंडाळी संपली. मावशीने माझ्या पायावर टिचकी मारली. "उरलेली प्लास्टर काढायला येशील तेव्हा."

भाची चिकटपट्टी घेऊन दारात उभी होती. पुढचं काय, पायरीचं काय झालं, विचारायला लागली. मग तिला मोबाईल दिसला.

तिने मावशीला सगळं दाखवलं. मावशीने आधी डोळ्यांवर हात घेतला, मग बोटांच्या फटीतून बघितलं.

"माझं तोंड कुठाय यात?"

"नाहीये. नुसते हात."

मावशीने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद उडाला. "मग टाक बाई."

मित्रांनो, अर्धी गोष्ट फार वाईट असते. ती माणसाला झोपू देत नाही. लोकांनी भाचीच्या मागे नुसता तगादा लावला. पायरीचं काय झालं? आणि पाय बरा आहे का? भाची एवढंच लिहायची, की उरलेलं पुस्तकात आहे. मग एका बाईने लिहिलं, "हा आवाज मी ओळखते. माझा हात यांनीच बांधला होता. वडिलांची बदली झाली आणि प्लास्टर दुसऱ्या गावात काढलं. मी अजून त्या पायरीवरच उभी आहे." मावशीने ते स्वतः वाचलं, पुन्हा भाचीकडून वाचून घेतलं, आणि सांगितलं की हिला पुस्तक मी स्वतःच्या हातांनी नेऊन देणार.

प्रकाशकाचा फोन आला तेव्हा मावशी उभ्यानेच बोलली. मागणी इतकी आली, की गोदामाच्या दारात आलेली कारखान्याची गाडी त्याने रिकामी परत पाठवली म्हणे. फोन ठेवून ती खुर्चीत बसली, नव्हे, पसरली. म्हणाली, "चहा कर ग. आणि या खेपेला मी गरम पिणार."

आता घरात नवा स्टँड आहे. तो बिचारा सरळमार्गी, कुठे पडत नाही, धडपडत नाही. मोबाईल तो धरतो आणि मी मावशीच्या पुढ्यात आडवा असतो, पेशंट म्हणून. माझ्यावर प्लास्टरचे थरावर थर चढलेत. परवा भाची म्हणाली, याला आता भंगारात देऊ या. मावशीने तिच्याकडे असं बघितलं की माझीच मान खाली गेली. "त्याची गोष्ट अर्धी राहिलीय. अर्ध्या गोष्टीचा पेशंट मी कधी सोडला नाही."

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात दाराआड कोणी टॉवेल घेऊन उभा असेल, तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी त्याला एकदा उजेडात आणा, पडू द्या, बांधा. आणि माझ्यावर एक उपकार करा. ते पुस्तक तुम्ही वाचलं असेल, त्या पायरीचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल. मला मात्र सांगू नका.