न फिरलेल्या पंख्याची कैफियत

मी एक जुना टेबलपंखा आहे. जुना म्हणजे वयानं बरं का मित्रांनो! कामानं मी परवापरवापर्यंत कोरा करकरीत होतो आणि हीच माझी तक्रार आहे. राबून राबून झिजलेल्या वस्तूंच्या कहाण्या तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. मला कुणी झिजूच दिलं नाही!

माझा जन्म कारखान्यातला. निळी पाती, पितळी जाळी, खाली दणकट बैठक आणि मागे एक कळ. ती दाबली की मी डावीउजवीकडे मान फिरवणार, वर ओढली की एकीकडेच तोंड करून वारा देणार. कलबुर्गीच्या नागनाथरावांनी मला दुकानात पारखून घेतलं. ऊन काय चीज असते ते त्या गावच्या माणसाला सांगायला नको. त्यांची मुलगी सुनंदा बेंगळूरला दिलेली. स्वयंपाक करताना पोरीला वारा लागावा म्हणून त्यांनी मला आंदण दिलं.

आणि जावई नरसिंगराव भर मांडवात हसले! "मामा, बेंगळूरात फ्यान? आमचं गाव म्हणजे हिल स्टेशन. तिथं एप्रिलात शाल लागते, शाल!" सगळा मांडव हसला. नागनाथराव बिचारे माझ्या खोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. बेंगळूरच्या मल्लेश्वरम भागातल्या घरी पोचल्याबरोबर मला स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढवण्यात आलं.

खोटं कशाला बोलू, तेव्हा खरोखरच माझं काम नव्हतं. रस्त्यावर झाडांचं छत होतं. चैत्रातल्या दुपारीही मागचं दार उघडलं की झुळूक यायची. पण पुढे झाडं गेली, समोर पाच मजली इमारत उठली, झुळूक कुठल्या कुठे गेली. मार्च उजाडला की माळ्यावर माझं अंग भाजायचं. खाली सुनंदाबाई ओट्यापाशी घामानं निथळायच्या. "अहो, यंदा तरी पंखा खाली काढू या ना," त्या दरवर्षी म्हणायच्या. त्यावर उत्तर काय? "कशाला गे? आज पहाटे फिरायला गेलो तर काय गार हवा! मफलर काढावासा वाटेना."

घ्या! पहाटे फिरणाऱ्यानं दुपारच्या उन्हाचा निकाल द्यायचा! आणि दुपारी स्वारी असायची कुठे? जेवण झालं, ताक प्यायलं की निघाले वाचनालयात पेपर वाचायला. संध्याकाळी येऊन वर तोंड करून सांगायचे, "तिथल्या एसीत स्वल्प थंडीच वाजते गे." अहो, मला पाय असते तर तिथल्या तिथे माळ्यावरून उडी घेतली असती!

रामनवमीला तर कहरच. त्या दिवशी आमच्याकडे गुळाचं पानक, कोसंबरी म्हणजे डाळ-काकडीची कोशिंबीर, ताक असतं आणि उन्हाळा सुरू झाला म्हणून आल्यागेल्याला ताडाच्या पानाचा हातपंखा दान देतात. नरसिंगराव दारात उभे राहून हसतमुखानं पंखे वाटायचे. आत सकाळपासून काकडी चोचवत बसलेल्या बायकोला वारा घ्यायला काय? स्वतःचा पदर! मी हे सगळं वरून बघत होतो.

यंदा रामनवमीच्या तोंडावर नरसिंगरावांना अखेर माझी आठवण झाली. का, ठाऊक आहे? मला देवळाला देऊन टाकायला! "वर उगीच पडलाय. देवळात उपयोग होईल, आपल्याला पुण्य लागेल."

"माझ्या अण्णांनी दिलाय तो," सुनंदाबाई म्हणाल्या.

"मग अण्णांच्या नावानं देऊ. सरी? चालेल ना?"

मी एकदा देवळात गेलो की बापानं दिलेला वारा या लेकीला जन्मात लागणार नव्हता.

पण देवाला द्यायची वस्तू चालती हवी ना! म्हणून रामनवमीच्या आदल्या दिवशी नरसिंगरावांनी आपण होऊन गिरीराज वायरमनला बोलावलं. त्यानं मला ओट्यावर ठेवलं, पुसलं, तेल घातलं, नवी वायर जोडली. "अक्का, स्वल्प सरका," म्हणत बटण दाबलं. मी कण्हलो, थरथरलो आणि गरगर फिरू लागलो! माझा आयुष्यातला पहिला वारा सुनंदाबाईंच्या तोंडावर गेला. त्यांच्या कपाळाला चिकटलेले केस उडाले. त्यांनी डोळे मिटून घेतले. गिरीराज निघून गेला तरी त्या बटण बंद करेनात.

दुसऱ्या दिवशी दिवाणखाना पाहुण्यांनी भरला होता. मला न्यायला देवळाचे वेणुगोपाल आले होते. नरसिंगराव माझ्यावर तुळशीचं पान ठेवणार तोच सुनंदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, दान ज्याची वस्तू त्यानंच द्यायचं ना?"

"हो. त्यात काय विचारायचं?"

"मग आणा ते पान इकडे." त्यांनी पान माझ्यावर ठेवलं. "हा पंखा मी दिला. ह्या घरच्या स्वयंपाकघराला."

"अगं, पण बेंगळूरात..."

"तुमचं बेंगळूर पहाटेचं. माझं भर दुपारचं आहे. कधी आत येऊन उभे राहिलात?"

मग वेणुगोपालच म्हणाले, "अक्कांचं बरोबर आहे. देव दगडी गाभाऱ्यात बसलाय, त्याला कसलं उकडतंय?"

मित्रांनो, मला जरूर पुसा, तेल घाला, पाती स्वच्छ ठेवा. पण त्याआधी तुमच्या घरात दुपारी ओट्यापाशी कोण उभं असतं ते एकदा जाऊन बघा. वस्तू माळ्यावर गंजते ती दिसते तरी, माणसाचं काय?

त्या दुपारी नरसिंगराव वाचनालयात गेले नाहीत. खाली मान घालून स्वयंपाकघरात आले, स्टूल ओढून बायकोच्या शेजारी बसले. मी मान फिरवत होतो. थोडा वारा तिला, थोडा त्यांना. सुनंदाबाईंनी हात लांब केला आणि माझी मागची कळ वर ओढली. मी नागनाथरावांच्या लेकीकडेच तोंड करून वारा देत राहिलो.