तिकडची

“हे कुणाचं म्हणायचं?” आक्काताईनं विचारलं.

कृष्णात देवळात नारळ फोडून नुकताच उंबऱ्यात पाऊल टाकत होता. सहा महिन्यांनी केनियातून आलेल्या माणसाचं जेवढं कौतुक व्हायचं तेवढं सकाळपासून झालं होतं. शेजारीपाजारी चहा पिऊन गेले होते. चौदा वर्षांची राजनंदिनी चॉकलेटचा डबा मैत्रिणींना दाखवायला घेऊन गेली होती. आणि आता सोप्यात त्याची बॅग सताड उघडी पडली होती. मळक्या कपड्यांचा ढीग एका अंगाला, आणि आक्काताईच्या मांडीवर दोन साड्या, एक परकर आणि एक ब्लाउज.

एरवी असं घडलं नसतं. ते कपडे तिकडं कारखान्याच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत, कुलपाआड राहायचे. या खेपेला खोल्या रंगवायला काढल्या, सामान हलवा म्हणाले, आणि कृष्णातची गाळण उडाली. टाकून द्यायला हात धजेना. शेवटी खाकी पँटीत गुंडाळून त्यानं ते घरी आणलं, गुपचूप माळ्यावर सारू म्हणून. नवऱ्याचे मळके कपडे बायको आल्या दिवशीच भिजत घालते, एवढी साधी गोष्ट पंधरा वर्षं संसार करून त्याच्या ध्यानात राहिली नव्हती. बाप्यांचं असंच असतं.

‘तुझ्यासाठी आणलंय’ म्हणावं, तर ब्लाउज वापरलेला, काखेत घामाचे डाग पडलेला. आणि आक्काताई त्यात दोनदा मावली असती.

“केवढी हाय ही बाई? दंड बघा की! तालमीत जाती काय?” आक्काताई हसली. मग तिचं तिलाच काहीतरी उमजलं आणि हसू जागच्या जागी विझलं. “तिकडं बाई ठिवलासा व्हय?”

ब्लाउज कृष्णातचाच होता. साड्याही त्याच्याच. केनियातल्या किसुमू शहरातल्या एका दुकानात त्यानं त्या विकत घेतल्या होत्या आणि बाहेरच्या ओट्यावर बसणाऱ्या शिंप्यानं त्याच्या शर्टाच्या मापावर ब्लाउज बेतून दिला होता. शिंप्यानं काही विचारलं नव्हतं. आज मात्र विचारणारी समोर बसली होती आणि उत्तरही तिनंच हातात ठेवलं होतं. बुडणाऱ्याला मिळेल ते धरावं लागतं.

“व्हय,” कृष्णात म्हणाला.

कृष्णात पाटील पॅनमन होता. उसाच्या रसाचा पाक मोठ्या बंद भांड्यात आटवून त्यात साखरेचा दाणा धरायचा, हे पॅनमनचं काम. काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन तो दिव्यासमोर धरायचा, अंगठ्यानं चोळून बघायचा आणि सांगायचा, आता सोडा. इंजिनियर यंत्रं बघत राहायचे, याचा अंगठा चुकायचा नाही. त्याच्या गावात, कसबा बावड्यात, अशी हाताची माणसं बरीच. गावचा गळीत हंगाम सरला आणि आफ्रिकेतल्या कारखान्यांकडून बोलावणं आलं की त्यातली काही जायची. कृष्णात नव्वद सालापासून दर मे महिन्यात जायचा आणि ऑक्टोबरात परत यायचा. लोकांना वाटायचं, पैशासाठी जातो. पैसा मिळायचा, पण तो त्यासाठी जात नव्हता.

तिकडं कारखान्याच्या शेवटच्या टोकाला, उसाला लागून त्याची खोली होती. रविवारी सुट्टी. सकाळी दार लावून तो दाढी घोटून करायचा, साडी नेसायचा, पदर खोचायचा आणि मागच्या दारात बसून तांदूळ निवडायचा. बस्स, एवढंच. ना नाच, ना नखरा. चहा करायचा, भांडी घासायची, उसाकडं बघत बसायचं. संध्याकाळी साडी घडी करून पेटीत गेली की सोमवारचा पॅनमन कामाला हजर. आठवड्यातल्या त्या एका दिवशी त्याला आपलं अंग आपलं वाटायचं. हे असं का, याला त्याच्याजवळ शब्द नव्हता.

बावड्यात याला जागा नव्हती. लहानपणी एकदा आईचं लुगडं गुंडाळून तो परड्यात सापडला, तेव्हा बापानं चाबकानं फोडून काढलं होतं आणि दरडावलं होतं, “जोगत्या हुतोस व्हय? नेऊन सोडू डोंगरावर?” साडी नेसणारा बाप्या म्हणजे यल्लम्माच्या डोंगरावरचा, डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, घेऊन दारोदार फिरणारा जोगता, एवढंच गावाला ठाऊक. कृष्णातला ना देवीनं धरलं होतं ना त्याला जोगवा मागायचा होता. त्याला पॅनमन राहायचं होतं, आक्काताईचा नवरा राहायचं होतं, आणि रविवारी तांदूळ निवडायचे होते. हे सगळं एका माणसात बसतं, असं कुणाला सांगणार?

बाई ठेवल्याचं मात्र गावाला कळतं. ते कळलंच. महिन्याभरात फिटर हंबीररावनं गावच्या कारखान्याच्या गेटवर त्याच्या पाठीत थाप घातली. “काय पॅनमन! गोगलगाय म्हणत हुतो तुला, तू तर लई रंगेल निघालास की!” चारजण खो खो हसले. कृष्णातचा भाव उलट वधारला. त्या दिवशी घरी जाताना त्याला स्वतःची इतकी किळस आली की पंचगंगेच्या घाटावर तो उगीचच तासभर बसून राहिला.

राजनंदिनीनं चॉकलेटचा डबा गटारीत ओतला होता. आप्पा म्हणून हाक मारायची ती बंद झाली. काही हवं असलं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगायची.

आणि आक्काताई? तिनं आदळआपट केली नाही, माहेरी गेली नाही. वेळेवर भाकरी वाढली, पण ताटाजवळ बसणं सोडलं. पूर्वी ती समोर बसून वाटीत कालवण किती उरलं हे बघायची. आता ताट सरकवून चुलीकडं तोंड करायची. तिच्या पाठीकडं बघत जेवताना कृष्णातच्या तोंडापर्यंत खरं कितीदा आलं आणि घासाबरोबर खाली गेलं. बाई ठेवणारा नवरा बायकांना ठाऊक असतो. त्याला शिव्या घालता येतात, त्याच्यासाठी रडता येतं. पण हे सांगितलं आणि तिला किळस आली तर? तिनं त्याचा हात झटकला तर? त्यापेक्षा परकी बाई बरी, असं त्या भित्र्या माणसानं ठरवलं. चूक केली. पण त्याच्या जागी आपण काय केलं असतं, हे कुणी छातीठोकपणे सांगू नये.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात तो निघायच्या आदल्या दिवशी आक्काताई बॅगेजवळ येऊन बसली. तिच्या हातात हिरवी इरकल होती, वर खण, हळदीकुंकवाची पुडी आणि खोबऱ्याची वाटी.

“हे ठेवा,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“तिला. दुसऱ्या कुणाला?” आक्काताईनं इरकल बॅगेत दाबून बसवली. “दीड वरीस शिव्या घालतोय मी तिला. दमलो आता. परवा भाकरी थापता थापता मनात आलं, हिकडं सा म्हैने मी वाट बघतो, तिकडं सा म्हैने ती बघती. तिची वटी कोण भरतंय तितं? कुणी हाय का तिला?”

कृष्णात बॅगेच्या कडीशी चाळा करत राहिला.

“आक्का, ऐक,” तो म्हणाला. “तू समजतीस तसं न्हाय ते.”

“समजून झालंय माझं. आता उकरून काढू नका.” ती उठली. “ब्लाउजपीस मोठा घेतलाय. तिच्या मापाचा.”

त्या वर्षी तिकडच्या पहिल्या रविवारी कृष्णातनं ती इरकल नेसली. आरशासमोर उभा राहून त्यानं हळदीची पुडी सोडली आणि बोट कपाळापर्यंत नेलं. तिथून पुढं जाईना. बायकोनं सवतीसाठी भरून दिलेली ओटी आपण लुटतोय, असं त्याला वाटलं. तो त्याच साडीत भिंतीला टेकून खूप रडला. रडून झाल्यावर त्यानं हळद लावली, कुंकूही लावलं, कारण ते ज्या बाईसाठी आलं होतं ती बाई खरोखर तिथं होती.

मग दरवर्षी एक साडी जात राहिली. ऑक्टोबरात कृष्णात आला की आक्काताई आडून आडून विचारायची, “आवडली का?” तो म्हणायचा, “लई.” ती पुन्हा ताटाजवळ बसू लागली. एकदा फोटो आणा म्हणाली. “काढू देत न्हाय,” त्यानं सांगितलं. “लाजती व्हय,” म्हणून आक्काताई खुश झाली.

दोन हजार चार साली तो गेलाच नाही. आक्काताईच्या पोटात गाठ निघाली होती आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. साड्यांची पेटी तिकडंच राहिली. कृष्णातनं तिची सगळी सेवा केली. न्हाऊ घातलं, वेणी घातली, साडी नेसवली. निऱ्या तो इतक्या चापून बसवायचा की एकदा शेजारीण बघत राहिली. आक्काताईनं निऱ्यांवरून नुसता हात फिरवला.

श्रावणातल्या एका दुपारी तिला जरा बरं वाटत होतं. तिनं त्याला खाटेजवळ बसवलं.

“मला तिचं सांगा. कशी हाय?”

आता सांगून टाकावं, कृष्णातच्या मनात आलं. आता नाही तर कधीच नाही. त्यानं तिचा हात हातात घेतला.

“आक्का, ती म्हंजे...”

“थांबा. आधी माझं ऐका.” तिला धाप लागत होती. “तुमी तिकडं असताना मी बोलत असतो तिच्यासंगं. खुळी म्हणा. दुपारचं पोरगी शाळंला जायची, घर खायला उठायचं. मग मी म्हणायचो, काय गं, आज काय केलंस? तिला सगळं सांगितलंय मी. तुमच्या आईनं केलेला जाच सांगितला, मेलेलं पोर सांगितलं. ती नसती तर मी कुणाला सांगितलं असतं?”

कृष्णातच्या तोंडातलं वाक्य तिथंच विरलं. खरं सांगितलं असतं तर नवरा परत मिळाला असता तिला, पण एवढ्या वर्षांची ती मैत्रीण मेली असती. मरणाच्या दारात बसलेल्या बाईकडून काय काय काढून घ्यायचं?

“सांगा की,” आक्काताई म्हणाली.

“उंच हाय,” कृष्णात हळूच म्हणाला. “हाडापेरानं दांडगी. दिसायला काय न्हाय.”

“आन सभाव?”

“भित्री. लई भित्री. रविवारी दारात बसून तांदूळ निवडती.” “एकदा धीर करून तुझी हिरवी साडी नेसून बाजारात गेली. भाजीवालीला सुट्टं आणायला जायचं हुतं. तिनं बघितलं न बघितलं आन आपलं तान्हं पोर हिच्या मांडीवर ठिवून गेली. वळख ना पाळख. पोर हिच्या पदराशी खेळत बसलं. ती म्हणती, जन्मात कुणी मला असं काय दिलं न्हवतं.”

आक्काताईच्या डोळ्यांतून पाणी ओघळून उशीवर गेलं.

“कुणी न्हाय तिला?”

“हाय की. तू हाईस. तुझ्याबिगर तिचं कुणीच न्हाय.”

आक्काताईनं त्याचा अंगठा घट्ट धरला. पाक चोळून चोळून गुळगुळीत झालेला तो अंगठा तिनं बराच वेळ सोडला नाही.

“मी गेल्यावर तिला हितं आणा,” ती म्हणाली. “एकटी ठिवू नका.”

पाच दिवसांनी ती गेली.

तेराव्याला पाहुणेरावळे पांगले. राजनंदिनीला वडणग्याला दिली होती. ती बापाशी बोलत नव्हतीच, पण निघायच्या आधी आईची पेटी उघडून बसली. आईच्या साड्या मावश्यांना, आत्यांना वाटून झाल्या होत्या. एक तेवढी तिनं बाजूला ठेवली होती, आईच्या लग्नातला जांभळा शालू. तो घेऊन ती कृष्णातच्या पुढ्यात आली आणि किती वर्षांनी त्याच्या तोंडाकडं बघून बोलली.

“आईनं सांगितलंया, ह्यो तिला द्यायचा. माझ्या जिवावर आलंय, पर तिचा शबुद हाय. घेऊन या तिला हितं. मी वाकडं बोलणार न्हाय.”

कृष्णातनं शालू हातात घेतला. जरीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. पोरगी उत्तराची वाट बघत उभी होती. आईसारखाच तिचा उजवा खांदा थोडा खाली होता.

“ती बी गेली,” तो म्हणाला.

राजनंदिनी चपापली. “कवा?”

“तुझी आई गेली त्याच दिवशी.”

“कुणी कळवलं?”

कृष्णातनं मान हलवली. त्यानं शालू परत तिच्याकडं दिला, आणि ती बघत असताना तो एवढा मोठा माणूस खांबाला धरून हळूहळू खाली बसला. आईच्या मयताला तो रडला नव्हता, हे राजनंदिनीनं मनात धरून ठेवलं होतं. आता त्याचं रडणं थांबेना. ती अवघडून उभी राहिली. एवढी वर्षं जिला तिनं मर म्हणून शाप दिले, ती मेल्यावर आपल्याला बरं का वाटत नाही, हे तिला कळत नव्हतं. शेवटी तिनं शालू पेटीवर ठेवला आणि पदर खोचला.

“सुतक न्हाय धरायचं आपण,” ती म्हणाली. “पर आंघूळ तरी करावी लागंल. तिच्या नावानं. उठा आप्पा.”

तिनं परसात जाऊन बंब पेटवला. पाणी कढत झाल्यावर न्हाणीत बादली भरून ठेवली, वर तांब्या ठेवला, आणि चुलीकडची दोन भांडी घासायला घेतली. कृष्णात उघड्या अंगानं न्हाणीतल्या दगडावर बसला, स्वतःच्याच नावानं आंघोळ करायला. आतून पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला. मग बराच वेळ दुसरा आला नाही, आणि राजनंदिनी राखेचा हात तसाच धरून ऐकत राहिली.