माझं कार्ड ड्रॉवरमध्ये

शाळेच्या लायब्ररीत मोठ्याने हसले म्हणून तिथल्या दयानंद सरांनी माझं कार्ड महिनाभरासाठी ड्रॉवरमध्ये टाकलं. मला हसवणारं पुस्तक मराठी होतं, कोपऱ्यातल्या खणात पडून असलेल्या बारा मराठी पुस्तकांपैकी एक. जूनमध्ये पुण्याहून बेंगळुरूला आले तेव्हा दोन महिने मी वर्गात तोंडच उघडलं नव्हतं. तो खण सापडला आणि मला आवाज फुटला. सरांना नेमका तोच खुपला.

बुधवारी लायब्ररीची साफसफाई करणाऱ्या यल्लव्वा अक्का जिन्यात भेटल्या.

"यशश्री, तुझा मराठी खण शनिवारी रद्दीत चाललाय बघ."

नियमच आहे तसा. तीन वर्षांत ज्या पुस्तकावर तारखेचा शिक्का पडला नाही ते काढून टाकायचं. आजवर मी तिथेच बसून वाचायचे, घरी काही नेलं नव्हतं; आता शिक्का पडणार कसा? मराठी वाचणारी अख्ख्या शाळेत मी एकटी आणि माझं कार्ड ड्रॉवरमध्ये.

मी तडक सरांकडे गेले.

"नियम म्हणजे नियम," सर म्हणाले.

ठीक आहे. मग मी नियमच वाचले. दारावरचा कागद तीनदा वाचून काढला. एका वेळी एक पुस्तक. सात दिवसांत परत. बोलू नये, खाऊ नये. नेलेलं पुस्तक समजलंच पाहिजे असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

शुक्रवारी आमचा, म्हणजे नववी ब चा, लायब्ररीचा तास. पवित्रा रांगेत पहिली, हातात मराठी पुस्तक.

"तुला मराठी येतं?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मग?"

"केमिस्ट्री तरी कुठे येते? तिचं पुस्तक दिलंत की."

मागे प्राणेश. त्याने पुस्तक उलटं धरलं होतं. "मी चित्रं बघणार आहे," तो म्हणाला. पुस्तकात एकही चित्र नव्हतं. त्याच्या मागे आणखी नऊजण. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी दारावरच्या कागदाकडे पाहिलं. "सरी, सरी," असं कन्नडमध्ये 'बरं, बरं' पुटपुटत त्यांनी शिक्के मारले. अकरा.

वर्गात बाकी सगळ्यांकडे आधीचीच पुस्तकं होती, त्यामुळे बारावं राहिलं. तेच, मला हसवणारं.

"सर, स्टाफला पण कार्ड असतंय न्हवं?" हातातलं फडकं खांद्यावर टाकत यल्लव्वा अक्का पुढे आल्या.

"असतं. पण तुम्हाला हे वाचता..."

"निपाणीची हाय मी. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलीया. एकोणीस वर्षं पुस्तकं पुसतीया, आज एक घेती."

बारावा शिक्का पडला.

अक्का दाराजवळच्या स्टुलावर बसल्या आणि तिथेच वाचायला लागल्या. दुसऱ्या की तिसऱ्या पानावर त्यांचे खांदे हलले. मग त्या हसल्या. माझ्यापेक्षा मोठ्याने, पोट धरून. सगळी लायब्ररी वळून बघायला लागली. सरांनी पेन उचललं, परत ठेवलं. अक्कांचं कार्ड काही मागितलं नाही.

मी टेबलापाशी जाऊन हात पुढे केला.

"सर, माझं कार्ड."

"महिना झालेला नाही अजून."

"मग अक्कांचंही घ्या."

सरांनी अक्कांकडे पाहिलं. त्या पदराने डोळे पुसत पुढचं पान उलटत होत्या. मी हात तसाच ठेवला, ड्रॉवर उघडेपर्यंत.