चालणारा शब्द

कामगार कचेरीतल्या सुनावणीच्या आदल्या दिवशी हेडमास्तर विरोज यांनी नुईला बोलावून स्वतःच्या हातानं बर्फाचा चहा दिला, तेव्हाच तिनं ओळखलं की हा माणूस आपल्याला काहीतरी गिळायला लावणार.

"ख्रू नुई, तुम्ही या शाळेच्या शिक्षिका," ते ख्रू, म्हणजे बाई, यावर जोर देत म्हणाले. "मैत्रिणीसाठी जीव तुटतो, कळतं मला. पण आम्हाला इंग्रजी येतच नव्हतं असं चारचौघांत सांगणार तुम्ही. मग या भिंतीवरच्या ढाली कसल्या, नारळ सोलायच्या?"

"शब्द जुळवायच्या, सर."

"तेच ते. तुमचा करार मे महिन्यात संपतो. चहा घ्या, बर्फ वितळतोय."

नुईनं चहा तसाच ठेवला.

दक्षिण थायलंडातल्या सोंगखलाजवळची ती शाळा पटावरच्या शब्दखेळासाठी गाजलेली. थैलीतून सात सोंगट्या काढायच्या, प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर, त्यातून शब्द शोधून पटावर मांडायचा. जोडीनं खेळायचं. नुईची जोडी पी जिआपबरोबर. जिआप एक इयत्ता पुढे, म्हणून पी, थोरली. दोघींना सकाळ-संध्याकाळ शब्द घोकायला लावले. कुठला शब्द चालतो आणि कुठला चालत नाही, एवढंच. कोणी अर्थ विचारला की तेव्हाचे मास्तर म्हणायचे, "अर्थाला गुण आहेत का?" नव्हते. हजारो शब्द पोरींच्या डोक्यात कोंबले, आणि कोणा परदेशी पाहुण्यानं संडास कुठे विचारलं तर दोघी हसून पळून जायच्या.

प्रांताच्या अंतिम सामन्यात त्यांच्या हाती आलं ए, सी, सी, आय, एस, टी, यू. नुईनं आशा सोडली होती. जिआपनं सोंगट्या सुपात तांदूळ पाखडावेत तशा दोनदा हलवल्या आणि सातही पटावर मांडल्या. कॉस्टिक. पन्नास गुण जादा. सभागृह उभं राहिलं. हेच हेडमास्तर विरोज रडले, फोटोत बरोबर मध्ये येऊन रडले.

विद्यापीठाची राखीव जागा एका ढालीमागे एकच होती. जिआपचा बाप रबराच्या मळ्यात पडून अंथरुणाला खिळलेला. "तू जा गं," ती म्हणाली, "मला तिथं झोप नाही यायची." नुई गेली, शिकली आणि परत याच शाळेत पोरांना शब्द घोकायला लावायला आली. जिआप हातमोज्यांच्या कारखान्यात लागली. अर्जाला तिनं विजेतेपदाचं प्रमाणपत्र जोडलं होतं. तेवढाच एक कागद होता बिचारीकडे.

यंदा कारखान्यात बाहेरून नवी पिंपं आली. थायी चिठ्ठी अजून लागली नव्हती, नुसती इंग्रजी. मुकादम म्हणाला, पिंपातली पूड टाकीत ओत, वर कढत पाणी सोड आणि टाकी घास. जिआपनं चिठ्ठी पाहिली आणि तिचा चेहरा फुलला. फोटो काढून नुईला पाठवला. 'आपला शब्द. पन्नास गुण.' नुईनं टाळ्या वाजवणारं चित्र उलट पाठवलं. मग जिआपनं पाणी सोडलं. टाकी उसळली, आणि दोन्ही डोळे गेले.

कचेरीत जिआप नुईचा दंड धरून बसली. समोर कारखान्याचा वकील, कडक इस्त्रीचा. त्यानं दोनच कागद टेबलावर ठेवले: ते प्रमाणपत्र आणि तो फोटो.

"बाई इंग्रजीत प्रांतात पहिल्या," तो म्हणाला. "धोक्याची चिठ्ठी इंग्रजीत होती. त्यांनी ती वाचली, फोटोही काढला. आता यात कारखान्याचं काय चुकलं?"

नुई उठली. निकाल देणाऱ्या अधिकारी बाईंकडे वळून बोलली. "मॅडम, मी हिच्याच जोडीची. आम्हाला शब्द शिकवले, अर्थ नाही. मी आज शिक्षिका आहे, अजून तसंच शिकवते. तो फोटो मलाच आला होता. मलाही कळलं नाही."

अधिकारी सुपात्राबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "शब्द येतो आणि अर्थ येत नाही? असं कसं असेल?"

"दाखवते." नुईनं पहिल्या दिवशी शिकवतात ती सात अक्षरं म्हटली. "पी, ऐक. आर, ई, टी, ए, आय, एन, एस."

जिआपनं पट्टी बांधलेला चेहरा छताकडे केला. "रिटेन्स. नॅस्टिअर. स्टेनर. रेटिनाज. अजून सांगू?"

खोलीत कुजबुज झाली. चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थबकला.

"रेटिना म्हणजे काय, सांगा," सुपात्राबाई म्हणाल्या.

"माहीत नाही, मॅडम. चालतो, एवढं माहीत आहे."

वकील हसला. "काय सोंग आहे. यांच्या इस्पितळाच्या कागदावर तोच शब्द आहे, दोन ठिकाणी."

सुपात्राबाईंनी स्वतः अक्षरं दिली. जिआपनं त्यांचेही शब्द काढले. मागच्या बाकावरचा कोणीतरी म्हणाला, "बापरे, काय इंग्रजी आहे बाईचं." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. नुईला वाटलं, जाऊन एकेकाचे हात धरावेत. त्या टाळ्यांनीच निकाल लावला. जी बाई डोळे नसताना असे शब्द काढते तिला एक चिठ्ठी वाचता आली नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? सुपात्राबाईंनी लिहिलं: कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा.

बाहेर चिंचेखाली दोघी गाडीची वाट बघत बसल्या. नुईच्या फोनवर हेडमास्तरांचा निरोप आला होता. तिनं तो उघडला नाही.

"टाळ्या छान होत्या," जिआप म्हणाली. "तेव्हासारख्या."

"पी, गप्प बस."

"नुई, फोनात अर्थ सापडतात ना? आपला शब्द बघ."

नुईनं अक्षरं दाबली. उत्तर लगेच आलं. ते तिनं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"सांग की."

"सोदाफाय."

म्हणजे आगीचा सोडा. बाजारात कुठल्याही दुकानात मिळतो. मोरी तुंबली की घरोघरी तोच टाकतात, आणि घरोघरी आया पोरांना आधी मागे ढकलतात.

"आई मोरीत टाकायची ते?"

"तेच."

जिआपनं हात मांडीवर उपडे ठेवले. "त्याच्यावर गरम पाणी कधी ओतायचं नाही," ती हळूच म्हणाली. "मला लहानपणापासून माहीत आहे ते."

गाडी आली. नुईनं तिला पायरी दाखवली, हाताला धरून.