शिल्पवर्गाच्या हौदातली माती

मित्रांनो, मी एक जुनी माती आहे. माती कुठं नवी असते, असं म्हणून हसू नका. कलाशाळेच्या शिल्पवर्गातल्या हौदात मला तेवीस वर्षं झाली. निवड परीक्षा पार केलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलं गावोगावहून इथं येतात, वसतिगृहात राहतात आणि माझे चेहरे घडवतात. कौतुक होतं, गुण मिळतात. मग प्रदर्शन संपलं की ज्यानं त्यानं आपलं काम आपल्याच हातानं मोडायचं आणि मला हौदात परत टाकायचं, असा इथला शिरस्ता आहे. मातीचा मोह नको, असं सर म्हणतात. खरं सांगते, माझा चेहऱ्यांचा मोह सुटलेला नाही. शेकडो चेहरे माझे झाले, एकही राहिला नाही.

यंदा एक मुलगी आली. सगळे तिला घुमी म्हणतात. तिनं आठवणीतून आपल्या आईचा चेहरा करायला घेतला. आई दूरच्या इस्पितळात कपडे धुते. नाक काही जमेना. तीन आठवडे तिनं ते लावलं आणि खरवडलं. माझ्या अक्षरशः नाकी नऊ आले. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ते साधलं, तेव्हा घुमी पोटभर रडली.

प्रदर्शनाला यायला आईला रजा मिळाली नाही. घुमीनं सरांकडे दोन दिवस मागून घेतले आणि मला ओल्या फडक्यात जपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नव्या तुकडीला माती हवी होती. तिनं दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. नाक सर्वांत शेवटी मोडलं.

त्याच दुपारी आई आली. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं बाही सारली आणि हौदात कोपरापर्यंत हात घातला. साबणानं चिरलेला हात होता तो. ज्याचा चेहरा मी ल्याले, त्या माणसाचा स्पर्श मला पहिल्यांदाच झाला.

"माझं नाक जमलं होतं?" तिनं विचारलं.

"शेवटी जमलं, आई."

"मग पुन्हा कर. गाडीला तासभर आहे. मी बसते."

तासाभरात कपाळ तेवढं झालं. बाकीचं पुढच्या रजेत, असं सांगून आई गेली. सरांनी ते कपाळ उचलून खिडकीपासून लांब, सावलीत ठेवलं.

मित्रांनो, तेव्हापासून मी वाट पाहते आहे. रजा कधी मिळेल, कोणास ठाऊक. येता-जाता वर्गात डोकावलात तर माझ्यावर ओंजळभर पाणी शिंपडा. वाळलेल्या मातीला ओली माती धरत नाही, आणि आईचं नाक अजून व्हायचं आहे.