नवव्या मजल्यावरची ऊब

माझ्या थोरल्या भावाच्या हातून नवव्या मजल्यावरून पाना पडला, तेव्हा मी खाली स्टोअरमध्ये खिळे तोलत होते. आवाज असा झालाच नाही, कारण पाना वाळूच्या ढिगात मुठीपर्यंत घुसला. ढिगापासून चार हातांवर एक गवंडी विटा भिजवत होता. त्याने वर बघितलं, मग पान्याकडे बघितलं, आणि मटकन खाली बसला.

दादा परांची बांधतो. इमारत वर चढते तसा तिच्याभोवती लोखंडी पाइपांचा सांगाडा चढत जातो, तो त्याच्या हातचा. साइटवर त्याला सगळे 'वरचे' म्हणतात. पाऊस थांबला की कुणीतरी आकाशाकडे बघून हात जोडतं आणि म्हणतं, वरच्यांची कृपा, आणि दादा वरून ओरडतो, माझा काही संबंध नाही. बावीस वर्षांत त्याच्या हातून एक साधा नटसुद्धा पडला नव्हता. त्या सकाळी पाण्याच्या पिंपावर बर्फाची साय धरली होती आणि त्याची बोटं बधिर झाली होती. पाना सुटला तेही त्याच्या बोटांना कळलं नाही, डोळ्यांना कळलं.

आमचे इंजिनिअर साहेब माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण माणूस सरळ. त्यांनी आरडाओरडा केला नाही. यापुढे पाना दोरीने मनगटाला बांधायचा, असं त्यांनी सांगितलं, आणि पुन्हा एकदा हातून सुटला तर वरच्यांनी खाली यायचं. खाली म्हणजे स्टोअरमध्ये, पाइप मोजायला, माझ्या हाताखाली. दादाने मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाला की तुझ्या हाताखाली मी दोन दिवससुद्धा टिकणार नाही, आणि हसला. ते हसणं मला माहीत आहे. आई गेली तेव्हा तो असाच हसून म्हणाला होता की आता वेणी मी घालणार, ओढली गेली तर बोंब मारायची नाही. तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तो सतरा. थंडीत शाळेच्या फाटकाशी उभं राहून तो माझे गारठलेले हात स्वतःच्या काखेत दाबून धरायचा आणि घंटा झाली की सोडायचा. माझ्या शाळेसाठीच तो पहिल्यांदा परांचीवर चढला. त्याला जमिनीवर आणून बसवायचं म्हणजे काय, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं आणि सगळ्या साइटसाठी थंडीचे कपडे निवडायचं काम माझ्या गळ्यात घातलं. आधी भावावर बघा, ठीक वाटलं तर चाळीस जणांचे मागवू, म्हणाले. मला साइटवर मोजपट्टी म्हणतात. डोळ्याच्या अंदाजावर माझा विश्वास नाही आणि माणसांच्या शब्दावर त्याहून कमी. तेव्हा मी एकेकाला गाठून विचारायला सुरुवात केली.

आणि मला कळलं की मला काहीच माहीत नव्हतं. वेल्डरने बाही वर करून मनगटावरचा डाग दाखवला. आत मऊ आणि हलकं असतं ना, ते बनावट धाग्याचं कापड त्याने एकदा घातलं होतं. ठिणगी पडली आणि कापडाचं मेण होऊन कातडीला चिकटलं. त्याला लोकर हवी, आणि वर जाड सुती डगला. क्रेन चालवणारी बाई दिवसभर काचेच्या खोलीत एका जागी बसते. तिला पायापासून पोटापर्यंत जाड काहीतरी हवं, वर काहीही चालेल. गिलावा करणाऱ्याला कोपराच्या पुढे बाहीच नको. एकाच भिंतीभोवती काम करणारी ही माणसं, पण प्रत्येकाची थंडी वेगळी. पंधरा वर्षं मी त्यांना हातमोजे मोजून देत होते, आणि सगळ्यांना एकाच मापाचे.

दादासाठी मी तीन थर निवडले. अंगालगत पातळ विणीचा सदरा, घाम धरून न ठेवता बाहेर सोडणारा. त्यावर लोकरीचा स्वेटर. सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट, कमरेवर आखूड, म्हणजे सेफ्टी बेल्टखाली त्याचा बोळा होणार नाही, आणि काखेत हवा खेळायला उघडायच्या चेनी. तिन्ही घालून त्याला स्टोअरमध्ये उभं केलं, हात वर करायला लावले, वाकवलं, बसवलं. बेल्ट मी स्वतः ओढून बघितला. आणि हुकूम सोडला की दुपारपर्यंत यातला एकही थर अंगावरून उतरता कामा नये. शहाणपणाची माझ्याकडे कधीच टंचाई नव्हती.

बुधवारी साडेदहाच्या सुमाराला दादा स्टोअरच्या खिडकीत आला. त्याने पाना माझ्यासमोर फळीवर ठेवला. दोरी अजून मनगटालाच होती.

"आज पुन्हा सुटला," तो म्हणाला. "दोरी होती म्हणून लोंबकळला. साहेबांना तू सांगतेस की मी सांगू?"

लपवायचा विचार मनात आला नाही असं म्हणणार नाही, पण ढिगाशेजारी बसलेला तो गवंडी डोळ्यांसमोर आला. आम्ही दोघंही साहेबांकडे गेलो. त्यांनी शनिवारपर्यंत मुदत दिली. तोवर दादाने परांचीवर पाऊल ठेवायचं नाही, आत स्लॅबवर उभं राहून पाइप पुरवायचे. शनिवारी दहाच्या सुट्टीनंतर वरच उघड्या बोटांनी पाच बोल्टवर नट चढवून दाखवायचे. एक जरी सुटला तर सोमवारी स्टोअर.

मला राग आला की मी मोजायला लागते. दादाला स्टोअरमध्ये हीटरपुढे उभं केलं आणि एकेक थर उतरवायला लावला. जाकीट बाहेरून कोरडं होतं. स्वेटर किंचित दमट होता. पातळ सदरा ओला होता, आणि त्याच्याही आत माझ्या यादीत नसलेली एक वस्तू निघाली. एक जाड सुती बनियन, पाठीला चिकटलेला, हात लावला तर भांडी पुसून झालेल्या फडक्यासारखा गार. दादाने नजर चुकवली. वहिनीने घातलाय, म्हणाला, रोज घालते.

खिळे तोलायच्या काट्यावर मी तो बनियन ठेवला. मग हीटरजवळ वाळत टाकला आणि स्टोअर बंद करायच्या वेळी पुन्हा तोलला. फरक पाव किलोचा निघाला. पाव किलो खिळे मी दिवसातून दहा वेळा तोलते, ओंजळ भरते तेवढ्यात. एवढं पाणी माझ्या भावाच्या अंगातून सकाळच्या तीन तासांत निघालं होतं आणि त्याच्या छातीला चिकटून गार होत बसलं होतं. मी दोनदा तोललं, कारण माझा विश्वास बसेना.

बनियन पिशवीत घालून मी तशीच वहिनीकडे गेले. रागाने गेले होते, खरं सांगते. ती स्वयंपाकघरात उद्याचा बनियन गरम तव्याच्या कडेला धरून ऊन करत होती. अठरा वर्षं थंडीत रोज ती हे करते, आणि मला कधी दिसलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिला सुताची तऱ्हा समजावून सांगितली. सूत घाम पितं आणि सोडत नाही. माणूस हलत असतो तोवर कळत नाही, थांबला की तेच पाणी त्याला थिजवतं, आणि अंग गारठलं की शरीर आधी बोटांचं रक्त आत ओढून घेतं. तिने बनियन तव्यापासून काढला, त्याची घडी घातली, ती घडी मांडीवर ठेवली.

"म्हणजे इतकी वर्षं मीच ह्यांना गारठवत होते?" ती म्हणाली.

मी म्हटलं की एकटी तू नाहीस. अर्धी चूक माझीही असणार, फक्त ती मला अजून सापडलेली नाही.

ती गुरुवारी सापडली. उजाडायच्या आत मी दादाबरोबर नऊ मजले चढून गेले, त्याच्यासारखेच तिन्ही थर घालून. पाचव्या मजल्यावर माझ्या कानामागून घाम वाहायला लागला. नवव्यावर पोचले तेव्हा मी आतून भिजले होते, आणि थांबल्यावर वारा असा लागला की दात वाजायला लागले. बिनबनियनची, सगळं शास्त्राप्रमाणे घातलेली मी. एकही थर उतरवायचा नाही, असं ज्या बाईने सांगितलं होतं तिला मी मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

मग सूर्य वर आला आणि मी कठड्याच्या आतून खाली बघितलं.

साइट कामाला लागली होती. सळया वाकवणाऱ्यांनी जाकिटं काढून ठेवली होती आणि त्यांच्या पाठींवरून वाफ निघत होती, झाकण काढलेल्या पातेल्यातून निघावी तशी. तिरप्या उन्हात ती पांढरी दिसत होती आणि खांद्याच्या वर हातभर जाऊन विरत होती. गवंड्यांच्या पाठींवरून निघत होती, विटा वाहणाऱ्या बायकांच्या माथ्यांवरून निघत होती. क्रेनच्या काचेवर आतून धुकं धरलं होतं आणि त्यात त्या बाईने बोटाने बघायपुरतं भोक पुसलं होतं. जमीन पांढरी पडलेली, पिंप गोठलेलं, लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटावी अशी सकाळ, आणि त्यात चाळीस माणसं आतून तापत होती. पोटात गेलेला काय तो कपभर चहा आणि चार घास. त्याच्या जोरावर ती सगळ्या आकाशाला ऊब देत होती आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थंडीने आलं असेल, असं मी दादाला सांगितलं.

इतके दिवस मी ऊब कपड्यात शोधत होते. कपड्यात ऊब कसली? ती माणसाच्या अंगात तयार होते. कपड्याने ती राखायची, जास्त झाली तर वाट द्यायची, बस. मी दादाला विचारलं की तुला चढताना गरम होत नव्हतं का. होत होतं, म्हणाला, पण तू सांगितलं होतंस ना, काढू नकोस म्हणून. बावीस वर्षं कुणाच्या बापाचं न ऐकणारा माणूस, आणि माझं ऐकून बसला होता.

नवा नियम आम्ही तिथेच ठरवला. खालून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. स्वेटर काढून चढायचं, काम करायचं, आणि हात थांबले की लगेच, घाम गार व्हायच्या आत, घालायचा.

शनिवारी वारा सुटला होता. परांचीवर पाऊल ठेवायची ती दादाची बुधवारनंतरची पहिलीच वेळ होती. साहेबांनी तेवढ्या सकाळपुरती परवानगी दिली आणि ते त्याच्या मागेच थांबले. शिडीच्या पायथ्याशी दादाने स्वेटर उतरवला आणि माझ्याकडे दिला. मी जिन्याने वर पोचले तोवर तो बाहेर पाइप आवळत होता. पातळ सदरा, वर जाकीट, काखेतल्या चेनी उघड्या. नव्या नियमाप्रमाणे माझा स्वेटर मी खालीच ठेवून आले होते; त्याचा छातीशी धरून स्लॅबवर उभी राहिले. लवकरच माझे ओठ थरथरायला लागले, तसं त्याने बाहेरूनच बघितलं आणि विचारलं की हातात धरून काय करतेस, घाल की. मी घातला. आत अजून त्याची ऊब होती.

दहाला शिट्टी झाली. दादा आत आला, मी स्वेटर काढून दिला, त्याने जाकिटाखाली चढवला आणि एकदम थांबला.

"हा गरम कसा?" त्याने विचारलं.

"तुझीच ऊब आहे," मी म्हटलं. "राखून ठेवली होती."

पंधरा मिनिटं तो कठड्याला टेकून बसला. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि फळीवर पाच बोल्ट, पाच नट ठेवले. दादाने हातमोजे काढले. पहिला नट त्याने चिमटीत धरला तेव्हा मी डोळे मिटले. आटे लागल्याची बारीक कुरकुर ऐकू आली. मग दुसऱ्याची. तिसऱ्याला थोडा वेळ लागला, पण आटे लागले, मग चौथ्याचे, पाचव्याचेही. गारठा जाकिटातून सरळ आत येत होता, कारण माझ्या अंगावर आता मधला थर नव्हता. माझी नखं निळी पडली होती.

डोळे उघडले ते कुणीतरी माझे हात धरले म्हणून. दादा समोर उभा होता. त्याने माझे दोन्ही हात उघड्या चेनींमधून आत ओढले आणि काखेत दाबून धरले, साहेबांसमोर, शाळेच्या फाटकाशी धरायचा तसे. त्याचे तळवे माझ्या मनगटांवर होते. ते गरम होते.

सोमवारपासून परांचीवर, असं साहेब म्हणाले, आणि उरलेल्यांचे कपडे त्याच हिशोबाने मागवा. मग ते फळीवर वाकून नट नीट बसलेत का ते एकेक करून तपासायला लागले. मी मात्र त्या दिवशी काहीच मोजलं नाही.